बांधून नेणारा खात नाही

"आधी खा, मंग बोला."

कोणीही दारात आलं की ती हे म्हणायची आणि उजव्या हाताचा पंजा असा काही खाली दाबायची, की समोरचा माणूस मुकाट्याने बसायचा. पोस्टमन असो, ग्रामसेवक असो, नाहीतर मत मागायला आलेला उमेदवार असो. त्या उमेदवाराला तर तिने अख्खी रोटी संपेपर्यंत तोंड उघडू दिलं नव्हतं, आणि रोटी संपल्यावर म्हणाली, "आता बोला. पण मत कोणाले देतो ते मी सांगत नसतो." तेव्हा मी तिथे नव्हतो. पण ती ही गोष्ट इतक्या वेळा आणि इतक्या चवीने सांगायची, की तो उमेदवार आता मला माझ्याच ओळखीचा वाटतो.

तिचं नाव मी सांगणार नाही. एका सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात मी समुपदेशक होतो. लोकांच्या भाषेत कौन्सिलर. तपासणीआधी माणसाशी बोलायचं, नंतर बोलायचं, गोळ्या सुरू झाल्या की त्या सुटत नाहीत ना हे बघायचं, आणि यातलं काहीही कोणाला कळू द्यायचं नाही, हे माझं काम. अठरा वर्षं हे केल्यावर नावं पोटातच राहतात. ती स्वतः मला म्हणाली होती, "लिवा की माहं नाव. मी काय चोरी केली?" पण तिची मुलगी आहे, नातू आहे. त्यांना विचारल्याशिवाय लिहिणारा मी कोण?

यवतमाळहून बाभुळगावकडे जाताना डावीउजवीकडे जे आतले रस्ते फुटतात, त्यातल्या एका रस्त्यावर तिचं गाव. गावाच्या पूर्वेला बौद्ध वस्ती, वस्तीत निळ्या रंगाचं दार, आणि दारासमोर अंगणात कायमची मांडलेली मोठी चूल. त्या चुलीवर भांडं नसायचं, एक काळं मडकं उपडं घातलेलं असायचं. लांब रोटी त्यावर भाजतात.

तुमच्यापैकी विदर्भाबाहेरच्यांनी ही रोटी कदाचित पाहिली नसेल. तिला पोळपाट नाही की लाटणं नाही. गव्हाचं पीठ मीठ-पाणी घालून सैल भिजवायचं आणि परातीत उचलून उचलून आपटायचं. दोन माणसं दमतील इतकं आपटल्यावर त्याला रेशमासारखी तार सुटते. मग एक गोळा तळव्यावर घेऊन या हातावरून त्या हातावर खेळवायचा. खेळवता खेळवता तो पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतो, आणि नेमक्या त्या क्षणी त्याला तापलेल्या मडक्यावर सोडून द्यायचं. क्षणभर इकडेतिकडे झालं की पीठ चुलीत. तिची रोटी कधी चुलीत गेली नाही. पंचक्रोशीत लग्न ठरलं की आधी तिला विचारायचे आणि मग तारीख काढायचे, असं ती सांगायची. यातलं निम्मं खरं धरा. निम्मंही पुष्कळ आहे.

नवरा गेल्यानंतर तिची तपासणी झाली आणि ती आमच्याकडे आली. नवऱ्याबद्दल ती एकच वाक्य बोलली. "मेलेल्या माणसासंगं भांडून काय भेटते?" गोळ्या मात्र नेमाने घ्यायची, दर महिन्याला तारखेवर हजर व्हायची. माझ्या टेबलावरच्या कागदांकडे नाक मुरडून बघायची आणि विचारायची, "एवढं लिवता सर, जेवता कवा?"

मग एका लग्नसराईत तिची तारीख चुकली. आठ दिवस गेले, दहा गेले. फोन लागेना. आमच्या कामात गोळ्यांचा खंड परवडत नाही, आणि मी तर स्वभावानेच उतावळा. उचलली मोटारसायकल आणि निघालो. गावाच्या चौकात थांबून तिचं घर विचारलं. पानठेल्यावरच्या चौघांनी चार दिशांनी हात केले आणि मग एकमेकांकडे बघितलं. माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. आता विचार करतो तर अंगावर काटा येतो. दोनच महिन्यांपूर्वी त्याच गावच्या शाळेत मी एड्सवर भाषण दिलं होतं. अख्खा गाव मला "एड्सवाले सर" म्हणून ओळखत होता, आणि मी भर दुपारी चौकात उभा राहून एका बाईचं घर विचारत होतो. गुपित राखणं हेच ज्याचं काम, त्या माणसाचा हा शहाणपणा.

ती अंगणात रोट्या करत होती. शेजारच्या लग्नाच्या. भोवती सात-आठ बाया, कोणी कणीक आपटतेय, कोणी जळण सारतेय. मला पाहून ती जराही बिचकली नाही. म्हणाली, "फोन पाण्यात पडला, सर. मांगच्या बारीले जास्तीच्या गोळ्या भेटल्या होत्या, त्या संपाले दोन दिस आहेत अजून, मी परवा येणारच होतो." हे इतकं मोठ्याने म्हणाली की मीच कावराबावरा झालो. मग मडक्यावरून नुकतीच उतरलेली रोटी चौघडी घडी करून तिने माझ्यापुढे धरली.

"आधी खा, मंग बोला."

मी म्हणालो, "जेवून निघालोय. बांधून द्या, घरी खातो."

तिने बांधून दिली. मी निघालो.

त्या वर्षी गावातल्या लोकांना एकाएकी पुऱ्या आवडायला लागल्या. लग्न असो, नामकरण असो, सगळीकडे पुऱ्या. शेजारच्या लग्नात तर तिने केलेली रोट्यांची टोपली झाकलेली तशीच राहिली आणि आयत्या वेळी यवतमाळहून पुऱ्यांचं पीठ आलं. तिला कोणी तोंडावर काही बोललं नाही. आमच्याकडे तोंडावर बोलत नाहीत, ताट बदलतात. नळावर तिचा हंडा भरून झाला की पुढची बाई नळ धुऊन घ्यायची. ती मजुरीला जाऊ लागली. एकदा तारखेला आली तेव्हा बोटांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे होते. टेबलावर हात पसरून म्हणाली, "पाहा सर, कापूस वेचाले माहे हात चालतेत. रोटीलेच नाई चालत."

मी काय करणार? जे येतं ते केलं. सरपंचांना भेटलो, सभा लावली. जेवण्याने पसरत नाही, शिवण्याने पसरत नाही, एका नळाचं पाणी पिण्याने पसरत नाही. गोळ्या नीट चालू असल्या की रक्तात विषाणू सापडत नाही इतका कमी होतो. सगळं तक्त्यावर चित्रं लावून सांगितलं. लोकांनी चांगले प्रश्न विचारले, टाळ्याही वाजवल्या. मी अगदी फुशारून गेलो होतो. ती मागे खांबाला टेकून बसली होती. सभा उठल्यावर जवळ आली.

"चांगलं बोलले, सर."

"सगळ्यांनी मान हलवली, पाहिलंत ना?"

"मान हलवाले काय लागते? मान तं माही शेळी बी हलवते."

वर्षं गेली. मुलगी मोठी झाली. तिची लहानपणीच तपासणी झाली होती, तिला काही नव्हतं. बारावी होऊन ती एका कापडाच्या दुकानात कामाला लागली. दिसायला नीटस, बोलायला आईपेक्षा कमी, म्हणजे इतरांइतकीच. स्थळं यायला लागली आणि आमच्या बाईंनी एक प्रकार सुरू केला. तो मी स्वतः पाहिला आहे, म्हणून सांगतो.

मुलगी पाहायला आल्यावर चहा-पोहे द्यायचे, मुलीला चार प्रश्न विचारायचे, ही आपल्याकडची रीत. हिने पाहुण्यांना अंगणात चटईवर बसवलं, चूल पेटवली आणि त्यांच्यासमोर रोट्या करायला घेतल्या. पहिली रोटी मडक्यावर पडली की सांगायची, "मले एचआयव्ही आहे. नवऱ्यापासून झाला. गोळ्या चालू आहेत. पोरीले नाई, कागद आहे. आता ज्याले माह्या हातची रोटी चालन, त्याच्या घरी पोरगी देतो."

मला तिने बोलावून घेतलं होतं. "तुमी मामाच्या जागी बसा," म्हणाली. मी म्हणालो, "बाई, हे आधी सांगायचं की कसं ते सावकाश ठरवू. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"म्हणूनच," ती म्हणाली. "लपवून देल्ली तं पोट्टी जलमभर लपत राहीन. मी लपत होती तवा कशी राहत होती, ते मले मालूम."

पहिले आले ते दारव्ह्याकडचे. तिने आपलं वाक्य सांगितलं. मुलाचे काका घसा साफ करून म्हणाले, "आज माहा गुरुवार आहे."

"आपल्या बौद्धाईत कवापासून गुरुवार धराले लागले?" तिने हात न थांबवता विचारलं. काका उठलेच. चपला शोधता शोधता त्यांनी दुसऱ्याच्या घातल्या. मुलीने त्या दिवशी आईशी अबोला धरला. संध्याकाळी मला फोन करून रडली. म्हणाली, "सर, आईले समजवा. माहं लग्न व्हाचं आहे का लोकाईची परीक्षा?" मी समजवायला गेलो आणि रोटी खाऊन परत आलो. हो, तोवर मी तिच्या हातची खायला लागलो होतो. केव्हापासून, ते पुढे येईलच.

दुसरे आले ते फार सभ्य. मुलगा शिकलेला, वडील मास्तर. त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वडील म्हणाले, "असं काही नसतं, ताई. आम्ही वाचलेलं आहे." मला हायसं वाटलं. तिने रोटी पुढे केली. मास्तर हसले आणि म्हणाले, "आत्ता पोट भरलेलं आहे. बांधून द्या, घरी सगळे मिळून खाऊ."

तिने हातातली रोटी खाली ठेवली. मास्तरांकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

ते गेल्यावर मी तिला म्हणालो, "बाई, माणसं चांगली होती. निदान अपमान तरी केला नाही."

"लांब रोटी गरम खातेत, सर," ती म्हणाली. "बांधून नेणारा खात नाई."

माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. इतक्या वर्षांपूर्वीचा तो फडक्यात बांधलेला चौघडी पुडा मला आठवला. गावाबाहेर नाल्याच्या पुलावर मी मोटारसायकल थांबवली होती आणि तो पुडा चरत असलेल्या गाईपुढे सोडला होता. जेवून निघालो होतो हे खोटं होतं, त्या दिवशी मी उपाशीच होतो. एचआयव्ही कशाने पसरत नाही याची यादी मला झोपेतही पाठ होती, पण हात पुढे झाला नव्हता.

"तुमाले वाटते, चौकात घर इचारलं म्हणून गावानं वळखलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकणं जास्त कठीण होतं. "त्याचं काई नाई. सरकारी मानसं सतरा येतेत. पण तुमी खाल्ली नाई, ते बायाईनं पाह्यलं. एड्सवाले सरच खात नाई म्हटल्यावर आपण कायले खाचं, असं झालं ते."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोलून काय करू? तुमी सभा घेतली ना. अन् मंग तुमी हळूहळू खाले लागले. मी पाह्यलं ना. पहिल्या वर्षी अर्धी खाल्ली, बाकीची खिशात टाकली. दुसऱ्या वर्षी अख्खी. मानसाले टाइम लागते."

मी कोणाकोणाला आयुष्यात समुपदेशन केलं असेल, त्याची नोंद वह्यांमध्ये आहे. माझं कोणी केलं, याची नोंद कुठेच नव्हती, म्हणून इथे करतो.

तिसरं स्थळ मारेगावकडचं. मुलगा मोटारी रिवाइंड करायचा, शेतातल्या पंपांच्या. सोबत फक्त त्याची आई आली होती. रुंद हाडाची, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आवाज असा की वस्तीच्या टोकाला ऐकू जावा. वडील नव्हते, म्हणून सगळं बोलणं तीच करत होती. इकडे रोटी मडक्यावर पडली, आमच्या बाईंनी आपलं ठरलेलं वाक्य सांगितलं. मुलगी आतल्या दाराशी, पदराचं टोक चावत.

ती बाई उठली, खर्रा थुंकून आली, चूळ भरली, बसली आणि हात पुढे केला. मोठा तुकडा तोडून तोंडात टाकला. चावत राहिली. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "मीठ कमी आहे वो."

मी हादरलो. तिच्या रोटीला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं.

"कमी आहे?" आमच्या बाईंचा आवाज चढला. "पंचवीस वर्षं करून राह्यलो मी!"

"मंग पंचवीस वर्षं कमीच टाकून राह्यली. पोरा, खाऊन सांग बरं." मुलाने खाल्ली. आईकडे पाहिलं, होणाऱ्या सासूकडे पाहिलं, आणि आयुष्यात पुढे उपयोगी पडेल असं उत्तर दिलं. "मले तं बराबर लागते."

दोघी अर्धा तास मिठावरून भांडल्या. भांडता भांडता सहा रोट्या संपल्या. लग्न कधी ठरलं, ते मला कळलंच नाही, बहुतेक चौथ्या रोटीला ठरलं. पाहुणे गेल्यावर ती चुलीशी बसून राहिली. पदर तोंडाला लावून हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मीठ कमी म्हणते, सर! किती वर्षांनी कोणी माह्या रोटीत खोट काढली. खाल्ल्याशिवाय खोट निघते का?"

लग्न वस्तीतच झालं. रोट्या तिनेच केल्या, पहाटेपासून. वऱ्हाडाने भरपेट खाल्ल्या. गावातले पाहुणे आले, आहेर दिले, वांग्याची भाजी आणि भात खाल्ला. बरेच जण रोटीच्या परातीसमोरून सावकाश पुढे गेले. काही तरुण मुलींनी घेतल्या. कोपऱ्यात एका म्हाताऱ्याने इकडेतिकडे बघत दोन खाल्ल्या. मी चिडलो होतो. ती नव्हती. कोपरापर्यंत पीठ लागलेले हात झटकत म्हणाली, "खातीन. तुमाले किती दिस लागले?"

त्यानंतर ती सहा-सात वर्षं चांगली जगली. मारेगावची विहीण महिन्या-दोन महिन्यांनी एसटीने यायची, चार दिवस राहायची. दोघी सोबत रोट्या करायच्या आणि सोबत भांडायच्या. मी निवृत्त झालो. मग एका सकाळी अंगण झाडता झाडता ती खाली बसली, ती उठली नाही. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. गावाने मात्र तोच रोग धरला.

मी पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. माणसं जमली होती, बरीच होती, पण सगळी भिंतीच्या कडेने. मधे मोकळी जागा. सकाळपासून अंघोळ घालायची राहिली होती. आपल्याकडे बाईला बायाच अंघोळ घालतात, नात्यातल्या नसल्या तर शेजारणी घालतात. इथे पाणी तापून थंड झालं होतं. पानठेल्यावरचा एक जण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, पिलास्टिकमधी गुंडाळा लागते ना असं असलं तं?"

मी तोंड उघडलं. यादी पाठ होतीच. तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली आणि मुलगी आणि तिची सासू उतरल्या. मुलगी आईजवळ जाऊन कोसळली. सासूने तिला रडू दिलं. मग पदर कमरेला खोचला आणि भिंतीकडे बघून विचारलं, "पाणी काहून थंडं झालं?"

तिने स्वतः चूल पेटवली, पाणी ठेवलं. दोन खाटा उभ्या करून मधे एक लुगडं बांधलं आणि मुलीला घेऊन आत गेली. तिचा आवाज एवढा मोठा, पण आतून तो बारीक येत होता. "हात दे वो बाई. हा दे हात. केवढं पीठ आपटलं या हातानं."

लुगडं जमिनीपासून वीतभर वर होतं. खालून चार पाय दिसत होते, आणि पाण्याचा ओघळ. मी भिंतीपाशी उभा होतो. पाठ असलेली यादी पाठच राहिली. बराच वेळ ते चार पायच होते. मग भिंतीकडची एक म्हातारी पुढे झाली, लुगड्यापाशी थांबली, तिथेच चपला काढल्या आणि आत गेली. तिच्यामागून एक तरुण सून, हातात हळदीची वाटी घेऊन. मग आणखी दोघी. बादली हातोहात पुढे जायला लागली. मला राग यायला हवा होता, इतका उशीर केला म्हणून. आला नाही. मी रडत होतो.

थोड्या वेळाने आत बाया मावेनात. कोणीतरी घरून दुसरं लुगडं आणलं आणि पहिल्याला गाठ मारून बांधलं.